हुंकार आणि होकार : वऱ्हाडातील दैनंदिन कथनव्यवहाराविषयी

1

मराठी समीक्षेने कथनाचा जो विचार केला तो बहुतांशी निवेदकाच्या अंगाने केला. प्रथमपुरुषी निवेदन, तृतीयपुरुषी निवेदन, सर्वसाक्षी निवेदक, निवेदनाचे दृष्टिकोण ही परिभाषा आता पदव्युत्तर वर्गांत रुळली आहे. ज्याला सांगितले जाते त्याच्यासाठी मात्र या परिभाषेत फारशी जागा नाही. ‘वाचक’ किंवा ‘रसिक’ या नावाने तो येतो, तोही संहिता पूर्ण झाल्यावर, तिचा आस्वाद घेण्यापुरता. सांगण्याची क्रिया चालू असताना श्रोता काय करतो, आणि त्याच्या करण्याने सांगण्याची रचना कशी बदलते, हा प्रश्न आपण लोकसाहित्याच्या अभ्यासकांकडे सोपवून मोकळे झालो आहोत. लोकसाहित्याच्या अभ्यासातही कथांचे संकलन, वर्गीकरण आणि कल्पनाबंधांची तुलना यांवरच भर राहिला. गोष्ट हाती आली, ती ऐकणारा वगळला गेला.

या वगळण्याचा परिणाम केवळ लोककथेच्या आकलनावर झाला असता तर तो एका उपशाखेचा प्रश्न ठरला असता. परंतु मराठी गद्याचा आरंभ ज्या ग्रंथापासून आपण मोजतो तो ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथच लोकांनी एकमेकांना सांगितलेल्या आठवणींचा आहे. तो सिद्ध झाला अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला. तेव्हा वऱ्हाडातील माणसे रोजच्या व्यवहारात एकमेकांना गोष्टी कशा सांगतात हा प्रश्न बोलीच्या गंमतीचा राहत नाही, तो मराठी गद्याच्या स्वरूपाशी जाऊन भिडतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या कथनव्यवहारात श्रोता हा रचनेचा घटक आहे आणि त्याचा हुंकार म्हणजे होकार नव्हे. हुंकार देणारा कथन पुढे चालवतो, त्याचबरोबर त्याला अडवतो, त्याच्याकडे पुरावा मागतो. हे ध्यानात न घेतल्यामुळे मराठी गद्याच्या एका फार जुन्या गुणाकडे आपले दुर्लक्ष झाले आहे.

2

अमरावतीतील राजापेठ हा बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा गजबजलेला भाग. तालुक्याच्या गावांहून कामासाठी आलेली माणसे, ऑटोवाले, दुकानदार, विद्यार्थी यांची तेथे सतत ये-जा असते. पानठेल्यासमोर किंवा चहाच्या टपरीवर पाच-सात मिनिटे थांबलेली दोन माणसे एकमेकांना जे सांगतात त्याला कोणी ‘कथा’ म्हणणार नाही. बाजार समितीत भाव काय निघाला, पोरीच्या सोयरिकीत काय बोलणे झाले, तहसीलमध्ये कागद कसा अडला, असे त्याचे विषय असतात. पण त्याची बांधणी पाहिली तर कथनाची सगळी अंगे तेथे सापडतात.

अशा बोलण्याचा साचा साधारणतः असा असतो : “मंग काय सांगू बाप्पा, थो म्हणे गाडी गेली. मी म्हनलं, काऊन गेली गा?” या दोन छोट्या वाक्यांत तीन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट संबोधनाची. ‘बाप्पा’, ‘लेका’, ‘गा’, बायकांच्या बोलण्यातले ‘वं’ आणि ‘माय’ ही संबोधने वऱ्हाडी बोलण्यात जागोजाग पेरलेली असतात. ती केवळ लकबीची नाहीत. सांगणारा दर वाक्याला समोरच्याचे वय, नाते, सलगी यांची नोंद घेतो आणि त्यानुसार पुढचे वाक्य बेतत जातो. तीच हकीकत थोरल्या माणसाला सांगताना ‘लेका’ गळतो, ‘बुवा’ येतो. संबोधन बदलले की हकीकतीतला कोणता भाग ठेवायचा आणि कोणता गाळायचा हेही बदलते. वरच्या साच्यात तर संबोधनाचे दोन स्तर आहेत : ‘बाप्पा’ समोर ऐकणाऱ्याला आहे, ‘गा’ हकीकतीतल्या माणसाला. सांगणारा एकाच दमात दोन श्रोत्यांशी बोलतो.

दुसरी गोष्ट ‘म्हणे’ या अव्ययवजा क्रियापदाची. ते सगळ्या मराठीत आहे, पण दैनंदिन कथनात त्याचे काम काय याचा विचार झालेला नाही. ‘थो म्हणे गाडी गेली’ यात ‘म्हणे’ दुसऱ्याचे बोलणे उद्धृत करते. ‘गाडी गेली म्हणे’ यात ते ऐकीव माहितीची खूण होते. एकच शब्द जागा बदलून सांगणाऱ्याची जबाबदारी बदलतो. आपण स्वतः पाहिले, कोणाकडून ऐकले, की गावभर झाले आहे, हे सांगितल्यावाचून वऱ्हाडी माणूस पुढे सरकत नाही, आणि सरकलाच तर ऐकणारा त्याला ‘कोनं सांगतलं तुले?’ असे विचारून थांबवतो.

तिसरी गोष्ट ‘मंग’ची. सांगणाऱ्याचा ‘मंग’ घटनांना जोडतो, ऐकणाऱ्याचा ‘मंग?’ सांगणाऱ्याला पुढे ढकलतो. अमेरिकन भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव्ह यांनी जोशुआ वालेत्स्की यांच्यासह 1967 मध्ये वैयक्तिक अनुभवकथनाचे जे विश्लेषण मांडले त्यात घटनाक्रमाबरोबर ‘मूल्यमापन’ हा घटक महत्त्वाचा ठरवला. ही हकीकत सांगण्याच्या योग्यतेची का आहे हे सांगणाऱ्याने सूचित करावे लागते. नाहीतर ‘मग काय झाले त्याचे?’ असा निरुत्साही प्रश्न त्याच्या वाट्याला येतो. लबॉव्ह यांच्या विवेचनात सांगणारा हा प्रश्न उद्भवूच नये म्हणून झटतो. वऱ्हाडी व्यवहारात प्रश्न टाळायचा नसतो. तो मधूनमधून येणे अपेक्षितच असते. ‘मंग?’ आला नाही तर सांगणारा स्वतःच ‘आयकून राह्यला ना?’ असे विचारतो. मूल्यमापन एकट्या सांगणाऱ्याचे नसते, ते दोघांत वाटलेले असते.

रात्री मुलांना गोष्ट सांगताना कोणीतरी ‘हूं’ म्हणत राहिले पाहिजे, हा दंडक घरोघर ठाऊक आहे. राजस्थानातील ‘बात’ सांगण्याच्या परंपरेत तर हुंकार देणारा माणूस नेमलेलाच असतो. आपल्याकडे गोंधळातला साथीदार मुख्य गोंधळ्याला प्रश्न विचारतो, शंका काढतो, कधी त्याची टिंगलही करतो. म्हणजे प्रयोगरूप कलांनी जे संकेत म्हणून घट्ट केले ते दैनंदिन बोलण्यात आधीपासून सैलपणे नांदत होते. जर्मन समीक्षक वाल्टर बेंजामिन यांनी 1936 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात कथेकऱ्याचा श्रोता हा गोष्ट जपून ठेवणारा, पुढे सांगण्यासाठी ती स्मरणात मुरवणारा असल्याचे म्हटले आहे. स्वतःला विसरून ऐकणारा तो श्रोता आहे. वऱ्हाडातील श्रोता स्वतःला विसरत नाही. तो जपतो, पण तपासून जपतो. बेंजामिन यांच्या सिद्धांताला येथील सामग्री घालत असलेली ही भर महत्त्वाची आहे.

3

आता रिद्धपूरकडे वळता येईल. श्रीचक्रधर उत्तरापंथे गेल्यानंतर त्यांचा शिष्यपरिवार रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिला. तेराव्या शतकाच्या अखेरच्या पंचविशीत म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांकडून आणि चक्रधरांच्या सहवासात आलेल्या इतरांकडून आठवणी मिळवल्या, पडताळल्या आणि लिहून काढल्या. ‘लीळाचरित्रा’चे एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध हे भाग आपण चरित्राची कालक्रमानुसार मांडणी म्हणून शिकवतो. ते खरेच आहे. पण प्रत्येक लीळा ही मुळात कोणीतरी कोणालातरी सांगितलेली हकीकत आहे हे सांगायचे राहून जाते.

या ग्रंथातील लीळा एकट्या बोलत्या सर्वज्ञांच्या नाहीत. त्यांत कोणी विचारते, कोणी हट्ट धरते, कोणी चुकीचे समजते, कोणी दुसऱ्याचे बोलणे येऊन सांगते. बाइसा, महदाइसा, उमाइसा, आबाइसा या स्त्रियांच्या पृच्छेतून कितीतरी लीळांना तोंड फुटते. महदाइसेचा प्रश्नाळूपणा तर संप्रदायात प्रसिद्ध आहे. निरूपण ऐकून मान डोलावणाऱ्या त्या श्रोत्या नव्हेत. प्रश्न नसता तर उत्तर झाले नसते, आणि उत्तर झाले नसते तर लीळा उरली नसती. श्रोत्याच्या हुंकारातून कथन जन्माला येण्याचे याहून स्पष्ट उदाहरण मराठीत शोधून सापडणार नाही.

दुसरा मुद्दा ‘वासने’चा. खल्जी स्वारीनंतरच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली आणि पुढे ज्यांना जे स्मरत होते त्यावरून ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला, असे परंपरा सांगते. हिराइसेचा पाठ, परशरामबासांचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ असे भेद त्यातून निर्माण झाले. महानुभाव लेखकांनी या भेदांना ‘वासना’ असे नाव दिले. शब्द अर्थपूर्ण आहे : मनावर उमटून राहिलेला ठसा. एकाच प्रसंगाविषयी दोघांचे स्मरण वेगळे असेल तर दोन्ही नोंदवायची, असा हा शिरस्ता आहे. राजापेठेच्या पानठेल्यावरचा ‘कोनं सांगतलं तुले?’ हा प्रश्न आणि म्हाइंभटांची पडताळणी यांत सातशे वर्षांचे अंतर आहे, आणि मी त्यांच्यात सरळ वंशावळ जोडू पाहत नाही. परंतु कथनाचा खरेपणा सांगणाऱ्याच्या अधिकारावर सोडायचा नाही, तो ऐकणाऱ्यांच्या परस्पर साक्षीतून ठरवायचा, ही वृत्ती दोन्हीकडे एकच आहे.

आधुनिक संपादनशास्त्राने या वासनांचे काय केले? ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांच्या संपादनांमुळे ‘लीळाचरित्र’ अभ्यासकांच्या हाती आले. कोलते यांची 1978 ची आवृत्ती हा त्या परिश्रमांचा मोठा टप्पा. हे ऋण मान्य करूनही एक गोष्ट नोंदवावी लागते. पाठचिकित्सेचे शास्त्र मुळाचा शोध घेणारे शास्त्र आहे. भिन्न पाठ त्याच्या दृष्टीने मूळ संहितेकडे जाण्याच्या वाटेवरचे अडथळे किंवा खुणा असतात. जेथे मूळच अनेकांच्या तोंडी होते तेथे भिन्न पाठ हा बिघाड मानता येत नाही. ते कथनव्यवहाराचे अंगभूत लक्षण असते. हिराइसेचे स्मरण तळटीपेत गेले की ती सांगणारी उरत नाही, पाठभेदाची एक खूण होते.

तिसरा मुद्दा भाषेचा. संस्कृतात ग्रंथरचना करण्याचा विचार पुढे आला तेव्हा नागदेवाचार्यांनी तो मोडून काढला, कारण त्यामुळे संप्रदायातील वृद्ध स्त्रिया वंचित झाल्या असत्या. ‘स्मृतिस्थळा’तील हा प्रसंग मराठीच्या अभिमानाचे उदाहरण म्हणून सर्वत्र सांगितला जातो. त्यातला अभिमान आपण वाचला, श्रोता वाचला नाही. नागदेवाचार्यांचा निर्णय भाषेच्या थोरवीविषयी नव्हता, तो ऐकणाऱ्यांच्या हक्काविषयी होता. समोर कोण बसले आहे यावर कथनाची भाषा ठरते, हे तत्त्व तेथे कोणत्याही सिद्धांताच्या आधाराशिवाय आचरणात आलेले आहे.

4

याच भूमीत पुढे गाडगेबाबांचे कीर्तन उभे राहिले. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे 1876 मध्ये जन्मलेल्या आणि 1956 मध्ये वलगावजवळ देह ठेवलेल्या या माणसाच्या कीर्तनाला रूढ अर्थाने पूर्वरंग-उत्तररंग नव्हता. प्रश्न विचारणे हीच त्याची बांधणी. दगडाच्या देवाविषयी, कर्जाविषयी, दारूविषयी, मुलांच्या शिक्षणाविषयी ते समोरच्यांना विचारत, समुदाय एकमुखाने उत्तर देई, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. 1956 मध्ये मुंबईत वांद्रे येथे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रणामुळे ऐकता येते. ते ऐकताना ध्यानात येते की, श्रोत्यांचे आवाज वगळून उरलेली वाक्ये लिहून काढली तर हाती केवळ उपदेश राहील. उपदेशाचे तर्कात रूपांतर करतात ते श्रोतेच. आपल्याच तोंडून निघालेल्या उत्तराने माणूस बांधला जातो. वक्त्याच्या उपदेशाने तसा बांधला जात नाही.

येथे एक शंका घेता येईल. हजारोंच्या समुदायाने एका सुरात दिलेले उत्तर हा होकारच नव्हे काय? काही प्रमाणात तो तसा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण गाडगेबाबांचे प्रश्न समुदायाला ज्या उत्तराकडे नेत ते उत्तर समुदायाच्या नित्याच्या वागण्याच्या विरुद्ध असे. देवापुढे बळी देणारा माणूसच तेथे बळीच्या विरोधात बोलून जाई. अशा वेळी होकारातच स्वतःविषयीचा नकार दडलेला असतो. लिखित चरित्रांनी बाबांच्या वचनांचा संग्रह केला. वचने ज्या संवादातून आली तो संवाद त्यांत पातळ झाला. ‘लीळाचरित्रा’च्या पाठभेदांचे जे झाले त्याच जातीची ही घटना आहे.

5

आधुनिक कादंबरीपुढे हा प्रश्न वेगळ्या रूपात आला. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ने (1960) वऱ्हाडी बोलीला मराठी कादंबरीत प्रतिष्ठा दिली. कौतिकची सोसण्याची आणि झुंजण्याची कहाणी तेथे वऱ्हाडी संवादांतून जिवंत होते, पण निवेदन प्रमाण मराठीत चालते. समीक्षेने या रचनेचे वर्णन ‘संवादांतील अस्सल बोली’ असे केले आणि ती वातावरणनिर्मितीच्या खात्यावर जमा केली. माझ्या मते या दुभंगाचा अर्थ अधिक खोल आहे. कौतिक ज्यांच्याशी बोलते ते तिला उत्तर देतात, टोचतात, सल्ला देतात; तिच्या बोलण्याला श्रोता आहे. निवेदकाच्या प्रमाण मराठीला श्रोता नाही, फक्त वाचक आहे, आणि तो वऱ्हाडाबाहेरचा आहे. पात्रांची भाषा संबंधांची, निवेदनाची भाषा परिचय करून देणाऱ्याची. शेळके यांचे सामर्थ्य असे की, त्यांनी निवेदन कमालीचे संयत ठेवून संवादांवर कादंबरी तोलली. परंतु कौतिकच्या वाढत जाणाऱ्या एकटेपणाचे मोजमाप करायचे झाले तर तिच्या बोलण्याला ‘मंग?’ म्हणणारी माणसे कशी कमी होत गेली याच मापाने ते करता येईल. शेवटी तिचे मन ढळते तेव्हा शब्द उरतात, ऐकणारा उरत नाही. ‘धग’ची शोकात्मता दारिद्र्याची आहे तशीच ती श्रोता गमावण्याचीही आहे.

पुरुषोत्तम बोरकर यांच्या ‘मेड इन इंडिया’ने (1987) हा दुभंग मोडला. तेथे निवेदकच वऱ्हाडीत बोलतो, आणि त्याच्या वऱ्हाडीत हिंदी-इंग्रजी शब्द मुक्तपणे मिसळलेले असतात. या कादंबरीचे रंगमंचीय प्रयोग सहजपणे होऊ शकले, कारण तिच्या वाक्यावाक्यात समोर बसलेला कोणीतरी गृहीत आहे. तिच्या विनोदाचीच दखल अधिक घेतली गेली. त्या विनोदाचे मूळ मात्र निवेदकाने श्रोत्याला दिलेल्या जागेत आहे. तो स्वतःचीही टर उडवू देतो. येथे एक मर्यादाही दिसते. रंगमंचावर गेल्यावर श्रोत्याचा हुंकार हशात बदलतो, आणि हशा हा प्रश्न नव्हे. मंचावरील वऱ्हाडी सादरीकरणाला मिळालेली लोकप्रियता पाहता बोली म्हणजे हसवणारी भाषा असे समीकरण रूढ होण्याचा धोका उघड आहे. ज्या बोलीत माणसे सोयरीक मोडल्याचे, पीक बुडाल्याचे, घरातले माणूस गेल्याचे एकमेकांना सांगतात ती बोली केवळ हशाची ठरणे हे तिच्यातील संबंधांचे दारिद्र्य ठरेल.

6

या सर्व विवेचनावर एक मूलगामी आक्षेप संभवतो, आणि त्याला सामोरे गेल्यावाचून हे प्रतिपादन उभे राहणार नाही. ओट्यावर, पारावर, देवळाच्या सभामंडपात चालणारा जो कथनव्यवहार आपण ‘संवादी’ म्हणून गौरवतो त्यात बसायचे कोणी? गावगाड्यात ऐकण्याची जागाही जातीने ठरलेली होती. दुरून ऐकणाऱ्याला हुंकार देण्याचा अधिकार नव्हता; पारावरच्या गोष्टीत बाई विषय म्हणून येई, श्रोता म्हणून नाही. तिचे सांगणे-ऐकणे जात्याशी, पाणवठ्यावर, शेतातल्या निंदणीच्या ओळीत स्वतंत्रपणे चाले. तेव्हा हुंकाराचा सिद्धांत मांडताना तो कोणाला नाकारला गेला होता हे सांगणे भाग आहे.

या दृष्टीने पाहता अमरावतीचा इतिहास बोलका आहे. रिद्धपुरात गोविंदप्रभू अंत्यजांच्या वस्तीत, त्यांच्या घरांत मोकळेपणी वावरत. त्या वावराच्या हकीकती त्यांच्या चरित्रात नोंदल्या गेल्या, म्हणजेच त्या सांगण्या-ऐकण्याच्या योग्यतेच्या मानल्या गेल्या. नोव्हेंबर 1927 मध्ये अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीला परिषद भरली. मंदिरप्रवेशाची मागणी हक्काची आणि माणुसकीची होती. कथनव्यवहाराच्या भाषेत तिचा आणखी एक अर्थ लावता येतो : जेथे गाव जमते, जेथे गोष्टी सांगितल्या जातात, तेथे समोर बसून उलट विचारण्याची ती मागणी होती. पुढे दलित आत्मकथनांनी मराठी वाचकाला ज्या अस्वस्थ श्रोत्याच्या भूमिकेत आणले तिचे मर्म याच संदर्भात उलगडते. ज्याला शतकानुशतके हुंकार देऊ दिला नाही तो सांगू लागला, आणि ऐकण्याची पाळी आता इतरांची होती. त्यावर आपल्या समीक्षेने बरेचदा होकार दिला, हुंकार क्वचितच. सहानुभूतीने मान डोलावली, पण ‘मंग?’ विचारून त्या कथनाच्या रचनेत शिरण्याचे टाळले.

हुंकार आणि होकार यांतील भेद आज नव्याने तपासण्याजोगा झाला आहे. राजापेठेतील टपरीवर शेजारी बसलेली दोन माणसे आपापल्या मोबाइलवर दूरच्या कोणाचे ध्वनिसंदेश ऐकत असतात. सांगणे कमी झालेले नाही. कदाचित वाढलेच आहे. व्हॉट्सॲपवरील ध्वनिसंदेशात वऱ्हाडी बोली पूर्वी कधी नव्हती इतकी मुक्तपणे लांबवर पोहोचते. पण तो संदेश पूर्ण झाल्याखेरीज मध्ये काही विचारता येत नाही. उत्तर म्हणून अंगठ्याचे चित्र जाते, म्हणजे होकार जातो. आणि जेथे मध्येच ‘कोनं सांगतलं?’ असे विचारण्याची सोय नाही तेथे ‘म्हणे’ गळून पडतो, ऐकीव गोष्ट पाहिलेल्या गोष्टीच्या दिमाखात फिरू लागते. अफवेची आणि गोष्टीची सीमारेषा श्रोत्याच्या प्रश्नानेच आखली जात होती, हे तिच्या पुसट होण्यातून कळते.

7

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाच्या समर्थनार्थ ‘लीळाचरित्रा’चे प्राचीनत्व आवर्जून सांगितले गेले, आणि रिद्धपूरला आता मराठी भाषेचे विद्यापीठही स्थापन झाले आहे. या घटनांचे स्वागत करताना एवढेच म्हणावेसे वाटते की, ‘लीळाचरित्र’ हा मराठीच्या वयाचा दाखला आहे त्याहून अधिक तिच्या ऐकण्याच्या रीतीचा दाखला आहे. या ग्रंथाची ‘भाषाशैली’ आणि ‘व्यक्तिचित्रण’ एवढ्यावर आपण परीक्षेतले प्रश्न बेततो. एखाद्या लीळेत कोण विचारते, कोणाचे स्मरण नोंदले आहे, कोणाची वासना वेगळी पडते, हे विद्यार्थ्याला विचारले तर त्याला तो ग्रंथ आपल्या घरातल्या बोलण्याच्या जवळचा वाटू लागेल.

अभ्यासपद्धतीच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. कथनमीमांसेत निवेदकाइतकेच स्थान श्रोत्याला देणारी परिभाषा आपल्याला घडवावी लागेल, आणि ‘हुंकार’, ‘वासना’, ‘म्हणे’ यांसारखे शब्द तिच्यासाठी हाताशी आहेत. ते उसने आणावे लागणार नाहीत. त्याचप्रमाणे बोलींच्या संकलनात यापुढे सांगणाऱ्याबरोबर ऐकणाऱ्याचीही नोंद व्हायला हवी : तो कोण होता, कोठे बसला होता, त्याने कोठे अडवले, आणि कोणाला तेथे बसताच आले नाही. ज्या विद्यापीठीय परंपरेत टिपणे उतरवून घेण्यालाच ऐकणे म्हटले जाते तिने ही नोंद करायला शिकणे सोपे नाही. तरीही समीक्षेने ते शिकावे. लेखकापुढे मान तुकवण्याची किंवा त्याला धारेवर धरण्याची अशा दोनच भूमिका तिला आजवर ठाऊक आहेत, मध्येच ‘मंग?’ असे विचारणाऱ्या श्रोत्याची तिसरी भूमिका मराठीला रिद्धपुरापासून ठाऊक आहे.